हात कोणी लावला?

"आधी सांगा, हात कोणी लावला?"

उंबऱ्यावरूनच तो हे विचारायचा. गॉगल कपाळावर सरकवायच्या आधी, खांद्यावरचं वायरीचं भेंडोळं खाली ठेवायच्या आधी. नेट बंद पडलेलं घर असो, दवाखाना असो की शाळा, आतली सगळी माणसं एका सुरात उत्तर द्यायची, "कोणीच नाही."

मलाही एकदा त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं. ते मी टाळलं, आणि पुढे ही हकिकत सांगायचीच टाळत आलो. निवृत्त झालो, डोळ्यांची ऑपरेशनं झाली, बायको गेली; टाळायला दर वेळी नवं कारण मिळत गेलं. आखाडा बाळापुरात त्याच्याबद्दल अजून एक गोष्ट सांगतात. ती खोटी आहे, आणि ती खोटी आहे हे नक्की ठाऊक असलेला माणूस गावात मी एकटा उरलो आहे. त्याचं नाव इथे लिहीत नाही. त्याच्या नावाचं जे व्हायचं ते आम्ही केव्हाच करून ठेवलं आहे.

तो कळमनुरीचा. आधी केबल टीव्हीच्या वायरी ओढायचा, टीव्हीचे दिवस सरल्यावर नेटच्या ओढू लागला. अंगाने काडी, पण खांबावर चढला की खाली गर्दी जमलीच पाहिजे, असा त्याचा थाट. गॉगल वर असतानाही उतरवायचा नाही. कमी बोलणारा, नम्र वगैरे कारागीर तुमच्या डोळ्यांसमोर येत असेल तर तो पुसून टाका. हा बोलघेवडा होता, फुशारक्या मारणारा होता आणि चुकायचाही भरपूर. दुरुस्तीला आला की पहिला अंदाज हमखास चुकायचा, दुसराही बहुधा. तिसऱ्याला दिवा लागला की म्हणायचा, "म्या तर आधीच म्हणलं होतं." दिवा लागेपर्यंत चहा घ्यायचा नाही. चहा निवून जायचा, मग घरची बाई दुसरा टाकायची, आणि हा दोन्ही प्यायचा.

त्याच्यापाशी आरोपींचा एक कायमचा साठा होता: उंदीर, माकड आणि वीज. खरा आरोपी सापडला की हा यांच्यापैकी एकाचं नाव पुढे करायचा. एका बड्या घरी मी त्याच्यासोबत गेलो होतो. तिथे सुनेने मिक्सर लावायला राऊटरचा प्लग काढला होता आणि परत लावायला विसरली होती. सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. सून स्वयंपाकघराच्या दारात, पदराशी चाळा करत. याने प्लग पाहिला, सुनेकडे पाहिलं आणि जाहीर केलं, "उंदीर."

"उंदरानं प्लग काढला?" सासूबाई म्हणाल्या.

"आजकालचे उंदीर लई हुशार झाले, मावशी."

बाहेर पडल्यावर मी म्हटलं, "अरे, धडधडीत खोटं बोललास."

"मंग काय करू काका? नेट तर लागलं ना. आता तिच्या घरात आग काहून लावू?"

तर असा तो. तुमच्याही गावात असा एखादा असेल. जरा आठवून पाहा, तुमचं नाव झाकायला त्याने किती वेळा उंदीर पुढे केला असेल.

मी तेव्हा बाळापूरच्या रस्त्यावर एका खाजगी बाजारात व्यवस्थापक होतो. हळद, सोयाबीन, हरभरा यांचा लिलाव व्हायचा. लिलाव नेटवर गेल्यावर सांगलीचा व्यापारी सांगलीत बसून बोली लावू लागला, आणि आमचा सगळा बाजार एका राऊटरवर येऊन टेकला. बिस्किटाच्या पुड्याएवढं ते यंत्र. अध्यक्षांनी त्याच्यासाठी जाळीच्या दाराचं लोखंडी कपाट करून घेतलं. किल्ली माझ्याकडे.

यंत्र बसवलं त्या दिवशी त्याने मला समजावलं होतं. "काका, नेटवर जायचं तर मशीनला पत्ता लागतो. घरोघरचं मशीन काय करतं, चालू झालं की पलीकडं आवाज देतं, मला पत्ता द्या. पलीकडून जो भेटला तो घेतं. लग्नातल्या पाहुण्यावानी, जिथं जागा दिली तिथं बसलं. तुमचं तसं न्हाई. तुमचा बाजार हाय, तुमचा पत्ता कायमचा. तो म्या हातानं लिहिला मशीनमधी. आता यानं मागायचं न्हाई, अन् मागितला तरी पलीकडून कोणी द्यायचं न्हाई."

मी मान डोलावली. मला पाहुणा तेवढा कळला.

अध्यक्षांवर छाप पाडायला त्याने आणखी एक करामत दाखवली. रस्त्यापलीकडच्या हॉटेलात बसून मोबाईलवरून आमचा राऊटर बंद करून चालू केला. "इथं बसून बंद करतो, कळमनुरीत बसून बंद करतो, जगात कुठंबी बसून बंद करतो!" अध्यक्ष टाळी वाजवून हसले. ही फुशारकी त्याला पुढे फार महाग पडणार होती.

एका दुपारी कपाटाजवळ काम करता करता तो स्वतःशीच हसायला लागला. "काका, आमच्या आज्याला या भागात लोकांनी जन्मभर एकच प्रश्न इचारला. विहिरीला, घागरीला हात कोणी लावला? अन् आता म्या घरोघर जाऊन तोच इचारून राहिलो, अन् मोठमोठी माणसं घाबरून म्हणतात, आमी न्हाई, आमी न्हाई!" तो खदखदून हसला. मीही हसलो, जरा उशिरा.

दसऱ्याला तो दर वर्षी नागपूरला जायचा, आईला घेऊन, दीक्षाभूमीवर. बाकी सणाला हाक मारा, ताटावरून उठून येईल. पण त्या दिवशी नाही. त्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी अध्यक्षांनी सोयाबीनच्या लिलावाचा मुहूर्त धरला, आणि त्याला सांगितलं, "यंदा इथंच थांब."

"साहेब, दुसरी काय तकलीफ द्यायची ती द्या. हा दिवस मागू नका."

"माझ्या बाजाराचं काही झालं तर?"

"काय होतंय? कोणी हात लावला न्हाई तर काय बी होत न्हाई."

अध्यक्षांना हे उलट बोलणं वाटलं. तो गेला तो दोघांत अबोला ठेवूनच.

खंडेनवमीला आमच्याकडे अवजारांची पूजा असते. वजनकाटे धुऊन पुसून हळदकुंकू लावलं, ट्रॅक्टरला हार घातला, संगणकाला फूल वाहिलं. पूजा माझ्याकडे असायची, कारण श्लोक मलाच पाठ. सगळं आटोपल्यावर कपाटातल्या राऊटरकडे लक्ष गेलं. ज्याच्यावर सगळा बाजार चालतो त्यालाच विसरायचं? मी कुलूप काढलं. यंत्र चालू होतं, आणि पूजा चालत्या यंत्राचीच करावी असं माझं मत. बोट मावेना म्हणून उदबत्तीची काडी ओल्या कुंकवात बुडवली. राऊटरच्या पाठीवर एक बारीक गोल भोक होतं, टिकलीसाठीच ठेवल्यासारखं. काडीचं टोक त्यात बरोबर बसलं. मी डोळे मिटले, आणि श्लोक पुरा होईपर्यंत काडी तशीच दाबून धरली.

डोळे उघडले तर यंत्राचे सगळे दिवे एकदम विझले, आणि थोड्या वेळाने एक एक करून पुन्हा लागले. मला वाटलं, देव पावला. अंगावर काटा आला. मी वाकून नमस्कार केला आणि कुलूप लावलं.

दसऱ्याला बाजार बंद होता. मुहूर्ताच्या सकाळी रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग लागलेली आणि नेट बंद. संगणकावर एकच वाक्य: इंटरनेटचा पत्ता आपोआप मिळू शकला नाही. मी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. बाईंनी गोड हिंदीत राऊटर बंद करून चालू करायला सांगितलं. केला. वायर काढून लावायला सांगितली. लावली. मग त्या म्हणाल्या, पत्ता आपोआप घ्यायचं ठेवलंय का ते पाहा. पाहायला पासवर्ड हवा. आम्ही कागदावर लिहून ठेवलेला कोणताच आत जाऊ देईना. अध्यक्ष त्याला फोन लावत होते. नागपूरच्या त्या गर्दीत तो लागत नव्हता.

"लागत न्हाई कसा?" अध्यक्ष म्हणाले. "मुद्दाम बंद ठेवला. तिथं बसून मोबाईलवरून आपलं मशीन बंद केलं यानं. सुट्टी दिली न्हाई म्हणून."

सगळ्यांना ती हॉटेलातली करामत आठवली. सगळ्यांनी माना हलवल्या. मी हलवली की नाही ते आठवत नाही असं आजवर मी स्वतःला सांगत आलो. हलवली होती.

फोन लागला तेव्हा दुपार टळून गेली होती. तो आला दुसऱ्या दिवशी सकाळी. आईला नात्यातल्या लोकांजवळ ठेवून, मिळेल त्या गाडीने, उभ्याने. शर्ट मळलेला, पाठीवर पुस्तकांनी फुगलेली पिशवी. त्या दिवशी गॉगल नव्हता. त्याशिवाय तो फार लहान वाटला.

"आधी सांगा, हात कोणी लावला?"

"कोणीच नाही," मी म्हणालो. आणि देवाशप्पथ सांगतो, तेव्हा ते मला खरंच वाटत होतं. पूजा म्हणजे काही हात लावणं नव्हे.

त्याने लॅपटॉप जोडला आणि चुकचुकला. "सगळं पुसलं गेलं. नवं असल्यावानी झालं हे. म्या लिहिलेला पत्ता गेला अन् हे पाहुण्यावानी पत्ता मागून राहिलं. देतंय कोण?" मग राऊटर उलटा केला. खिशातून टाचणी काढली आणि त्या बारीक भोकात घातली. बाहेर काढली तर टोक लाल.

तो टाचणीकडे पाहत राहिला. मग कपाटाच्या फळीवर सांडलेल्या उदबत्तीच्या राखेकडे. मग माझ्याकडे. त्या नजरेत राग नव्हता. त्याने टाचणी रुमालाला पुसली आणि रुमाल खिशात टाकला.

मला त्या क्षणी सगळं कळलं. त्या भोकात सगळं पुसून टाकणारं बटण होतं. दिवे का विझले, देव कसा पावला, सगळं.

त्याने पत्ता पुन्हा लिहिला, दिवा हिरवा झाला. अध्यक्ष दारात उभे होते. "काय झालं होतं?"

"लाइटीचा झटका बसला, साहेब."

"बाकी सगळी मशीनं चालू होती. झटका यालाच बसला?"

"मंग उंदीर असंल."

"कपाटाला कुलूप हाय. उंदीर काय किल्ली घेऊन आला?" अध्यक्ष आमच्याकडे वळले. "बघा. याच्याच हातानं बंद अन् याच्याच हातानं चालू."

किल्ली माझ्या खिशात होती. एक वाक्य पुरलं असतं. आणि माझ्यावर कोण रागावणार होतं? हसले असते, चार दिवस थट्टा झाली असती. श्लोक म्हणत बाजार बंद पाडणारा मॅनेजर म्हणून, तेवढंच. मी त्या थट्टेला भ्यालो.

चहा आला होता. दिवा लागलेला होता. तरी त्याने चहा घेतला नाही.

बाजारातलं काम त्याच्याकडून गेलं. मग दवाखान्याचं, मग शाळेचं. रागाच्या भरात जगाच्या पाठीवरून लाइन तोडणारा माणूस कोणाला हवा होता? ज्या घरच्या सुनेला त्याने वाचवलं होतं, तिथल्या सासूबाईंनीही दुसरा माणूस लावला. वर्ष सरायच्या आत तो पुण्याकडे निघून गेला. त्याच्या जागी आलेला तंत्रज्ञ सभ्य आहे. काही विचारत नाही. कोणी हात लावला याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

बायको गेल्यानंतरच्या पावसाळ्यात मी धीर करून त्याला फोन लावला. काय बोलायचं ते मनात घोकून ठेवलं होतं.

"काका!" त्याचा आवाज तसाच. "बोला, काय बंद पडलं?"

मी म्हणालो, "नेट."

नेट चालू होतं. पण त्याने विचारलं आणि माझ्या तोंडातून तेच निघालं. मग तिकडे कुठल्या तरी खांबाखाली उभा राहून तो मला समजावत राहिला. बटण बंद करा काका, चहा होईस्तोवर थांबा, आता वायर बघा, निळी, व्हय तीच, आता चालू करा. मी ठणठणीत चालू असलेलं यंत्र त्याच्या सांगण्यावरून बंद केलं आणि चालू केलं.

"लागलं का?"

"लागलं."

"म्या तर आधीच म्हणलं होतं." तो हसला. मग म्हणाला, "काका, यंदा दसऱ्याला मशीनला फक्त फूल वाहा. काडी नका घालू."

इतकं उघडं दार मला आयुष्यात कोणी दिलं नव्हतं. मी म्हणालो, "बरं."

त्यानंतर कधी लावला तर तो क्रमांक वापरात नाही असं सांगतात. कळमनुरीचं घरही बंद आहे. आईला तो सोबत घेऊन गेला, शेजाऱ्यांना पत्ता ठाऊक नाही. तरी वाक्य मी अजून पाठ ठेवलं आहे. फोनच्या आधी घोकलं होतं तेच, त्यात बदल केलेला नाही: तुझं काही चुकलं नव्हतं, पोरा. हात मी लावला होता.