हसू ओसरेपर्यंत

मधुकर गेल्याचं त्याच्या मुलीनं, वर्षानं, फोनवर कळवलं तेव्हा मी नागभीडला माझ्या औषधांच्या दुकानात होतो. "काका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. समोरच्या गिऱ्हाइकाला गोळ्या दिल्या आणि शटर ओढायला उठलो. कोण गेलं, त्यानं विचारलं. बाहेरगावचा होता, नावावरून ओळख पटेना. "तो मालिकेतला रडका घरगडी," म्हटल्यावर पटली आणि तो चटकन हसला. मग ओशाळला...

आम्ही दोघं एका वर्गातले. धान कापून झालं की आमच्याकडे झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात, त्यांत मधुकर विनोदी कामं करायचा. तिथूनच त्याला मुंबईच्या मालिकेत घरगड्याची भूमिका मिळाली. मालकीण रागावली की हा रडायचा. आधी एक उचकी, मग कोरड्या पडलेल्या हापशीसारखा लांबच लांब आवाज. त्या रडण्यानं तो घराघरांत पोचला. बाजारात पोरं त्याला अडवून म्हणायची, "भाऊ, एकडाव रडून दाखवा ना!" आणि तो दाखवायचा.

मग त्याची बायको कुसुम आजारपणात गेली. घाटावर चितेला अग्नी देऊन तो मागे सरला आणि रडला. तीच उचकी, तोच आवाज. मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. त्याला गप्प करता करता आणखी दोघं हसले. मधुकरनं ते ऐकलं. संध्याकाळी अंगणात मी त्या लोकांना शिव्या घालू लागलो, तर म्हणाला, "त्यायचा दोष नाई. मले दुसरं रडताच येत नाई. होतं तेच तर विकलं ना मी."

मुंबईला परतल्यावर त्यानं ते रडणं करायला नकार दिला. मालिकावाल्यांनी समजावलं, मग प्रसंग कमी केले, शेवटी त्या घरगड्याला गावी पाठवून दिलं. मधुकरही गावी आला आणि शेती पाहू लागला.

बऱ्याच काळानं एका तरुण दिग्दर्शकानं त्याला सिनेमासाठी बोलावलं. चित्रीकरण सिरोंच्याजवळ, गोदावरीच्या काठी होतं. भूमिका नदीत बुडालेल्या पोराच्या बापाची. दिग्दर्शकाला मुका शोक हवा होता. मधुकरनं तसा करून दिला, आणि मग म्हणाला, "एकडाव माया पद्धतीनं घ्या."

"लोक हसतील, भाऊ."

"हसू द्या. त्यायचं हसणं सरतपर्यंत मी रडतो."

तो रडत राहिला. 'कट' न म्हणता कॅमेरा चालू ठेवण्याचं आणि पुढे तेच दृश्य न कापता सिनेमात ठेवण्याचं धाडस मात्र दिग्दर्शकाचं.

चंद्रपूरला आम्ही शेजारी बसून तो सिनेमा पाहिला. पडद्यावर उचकी आली आणि सगळं थिएटर हसलं. रडणं थांबेना. हसू कमी होत गेलं. पुढच्या रांगेतला एक माणूस शेवटपर्यंत हसत होता; मग त्यालाच आपला एकट्याचा आवाज ऐकू आला असावा. तो गप्प झाला. मधुकर पडद्याकडे नाही, लोकांकडे पाहत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "हसले तवा बरं वाटलं गा. हसलेच नसते, तर काई जमलं नसतं."

घाटावरचा सल त्या दिवशी निघाला, असं मी म्हणणार नाही. त्यानं कधी तसं सांगितलं नाही. सिनेमा फार चालला नाही. पण मधुकर पुन्हा कामं घेऊ लागला, हसवायची आणि दुसरीही, आणि अखेरपर्यंत करत राहिला.

परवा दुपारी वर्षाकडे गेलो. जुनी मालिका पुन्हा दाखवतात. ती ताट मांडीवर घेऊन तीच पाहत होती. पडद्यावर मधुकर पाण्याची घागर घेऊन येता येता ओल्या फरशीवर सपशेल आडवा झाला. वर्षाला हसताना ठसका लागला. मी तिला पाणी द्यायला उठलो, तसं तिनं हातानंच मला बसवलं.

"थांबा काका," ती म्हणाली, "आता उठते तो."