रिकाम्या खोलीचं दार वाजवणारे चाचा

चाचा रिकाम्या खोलीतसुद्धा दार वाजवल्याशिवाय पाऊल टाकत नसत. तीनदा टकटक, मग "सलाम बाई, पावणे आलेत," आणि मगच कडी. आत कोण? कोणी नाही. एक पितळी पलंग, एक आरसा आणि एक झुलती खुर्ची. पण ज्या घराची राखण करायची त्या घराशी अदबीनं वागायचं, हा त्यांचा नियम. "जागेला जपलं की जागा आपल्याला जपते," असं म्हणत. अशा माणसाचं त्या घरातलं बिऱ्हाड मी उठवलं. आजवर कुणाला सांगितलं नाही. लाज वाटते, दुसरं काय!

घर कुवेतच्या समुद्रकाठचं. कुण्या इंग्रज जहाज कंपनीच्या एजंटाचं. व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं सामान, त्यातलं बरंचसं मुंबईहून बोटीनं आलेलं. पुढे तिथे लहानसं संग्रहालय झालं. एजंटाची बहीण त्या घरात वारली आणि अजून वरच्या खोलीत बसून असते, असं लोक सांगत. चाचा तिथले हारिस, म्हणजे रखवालदार. मूळचे रत्नागिरीच्या खाडीकाठचे, वीस-बावीस वर्षं मागच्या अंगणातल्या खोलीत राहिलेले. तिथल्या मराठी मंडळाच्या सहलीला आलेले आम्ही आपापसात मराठी बोलतोय हे कानावर पडताच त्यांचा चेहरा असा काही फुलला! "अरे, ही तर आपली माणसं!" म्हणाले आणि आम्हा सगळ्यांना आधी चहाच पाजला.

खुर्चीवरची धूळ ते सफाईवाल्यांना पुसू देत नसत. स्वतः पुसत, आणि पुसून झाल्यावर खुर्ची समुद्राकडे तोंड करून ठेवत. का, असं माझ्या बायकोनं विचारलं. "बाई वाट बगतेय ना भावाच्या बोटीची. भिंतीकडे तोंड करून कोण वाट बगतो?" बायकोला हा माणूस फार आवडला.

मला नाही आवडला. मी मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इंजिनिअर, त्यातून पुण्याचा. म्हणजे दोन्हीकडून शहाणा. नव्वदीचं दशक सरत आलं होतं. मंडळाची ती सहल ठरल्यापासून दोन आठवडे मी ज्याला-त्याला भूत कसं नसतं ते समजावत होतो. लोक वैतागले होते. तर वरच्या खोलीच्या दाराशी मीच सगळ्यांच्या पुढे उभा. चाचांनी दार वाजवलं, बाईंना सलाम केला, आणि आतून आला आवाज. करकर… करकर… माझी बोबडीच वळली. "आई गं!" असा ओरडलो आणि चाचांची बाही घट्ट धरली. मागे हशा पिकला. मंडळाचे खजिनदार तर हसून हसून जिन्यावर बसले.

चाचा हसले नाहीत. माझ्या कानाशी लागून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, "साहेब, एसी हाय जुना. सुरू झाला की खडखडतो. घाबरू नका." आणि इतरांना मोठ्यानं सांगितलं, "साहेबांचा पाय सरकला. पायरी गुळगुळीत हाय."

माणसानं माझी अब्रू झाकली. आणि मी काय केलं? खाली येऊन अभिप्रायाची वही उघडली. पुण्यात असताना वर्तमानपत्रांना पत्रं लिहायची खोड होतीच. फर्ड्या इंग्रजीत पानभर लिहिलं, की येथील रखवालदार लहान मुलांच्या मनात अंधश्रद्धा पेरतो, ही गोष्ट गंभीर आहे, तातडीनं दखल घ्यावी. खाली नाव नाही. 'एक जागरूक पालक'. जागरूक कसला डोंबलाचा! माझी सात वर्षांची लेक गाडीत बसता बसता विचारत होती, "बाबा, कॅन वी कम अगेन?"

तिच्याच हट्टापायी तीनेक महिन्यांनी पुन्हा गेलो. दाराशी नवा हारिस. वरची खोली कुलूपबंद. चाचा कुठे, म्हटलं. "किसी ने किताब में कंप्लेंट लिखा. मुदीर ने उनको सुलैबिया भेज दिया, गोदाम पे," तो म्हणाला. मुदीर म्हणजे तिथला मोठा साहेब.

पुढच्याच शुक्रवारी सुलैबियाला गेलो. कबूल करायचं आणि माफी मागायची, असं गाडीत दहादा घोकलं. पत्र्याचं गोदाम, समुद्र तर दूरच, हिरवं पानसुद्धा नाही. एका खोलीत सहा खाटा. मला पाहून चाचा अनवाणीच धावत आले आणि खोलीतल्या पोरांना म्हणाले, "बगा, हमारे गाव के साहेब! मला शोधत आले!"

चहा आला. मी म्हटलं, "चाचा, त्या बाईच्या गोष्टी तुम्ही सांगायच्या कशाला?"

"साहेब, नव्वद साली इराकी शिपाई आले. आजूबाजूची घरं धुऊन नेली. आमच्या दारात ट्रक लागला. मी एकटा. काय करू? सांगितलं, वर जिन हाय, बाई हाय, जो सामानाला हात लावील त्याच्या घरात मयत होईल. दोघे वर गेले, एसी खडखडला, पळत खाली आले. एक कपबशी नेली नाय त्यांनी. त्या बाईनं घर राखलं साहेब. मग लढाई संपली म्हणून तिला विसरू?"

मी मान खाली घातली. आता बोल, मेल्या, आता तरी बोल, असं मनात चाललेलं. तेवढ्यात तेच म्हणाले, "कोण गोऱ्यानं लिवलं असंल. आपला माणूस असं करायचा नाय." आणि मग, जरा संकोचून, "तुमचं इंग्रजी चांगलं. मुदीरसाहेबाला एक अर्ज लिवून द्याल?"

मी अर्ज लिहिला. वहीतल्या अक्षराशी जुळू नये म्हणून सगळा कॅपिटलमध्ये लिहिला. चाचांनी कौतुकानं कागद उजेडात धरला. "छापल्यावानी आलंय! खाली तुमची सही करा साहेब. इंजिनिअरची सही बगून तो ऐकंल."

'ती तक्रार माझी होती, ती खोटी होती', एवढं एक वाक्य आणि माझी सही. चाचा समुद्रावर परत गेले असते. मी म्हणालो, "अर्ज तुमचा आहे चाचा, सही तुमचीच हवी."

"बरोबर. तुमी कायद्याचं बोलता," म्हणाले आणि मराठीत, एकेक अक्षर जुळवत सही केली.

त्या अर्जाचं काही झालं नाही. दोन महिने वाट पाहून चाचा कायमचे गावी निघाले. विमानतळावरून त्यांनी मला फोन केला.

"साहेब, तुमी माझ्यासाठी केलं तेवढं कुणी केलं नाय."

"असं काय चाचा," मी म्हणालो, "आपल्या माणसासाठी एवढं तर करायलाच हवं."