वरीलप्रमाणे, पक्षी

आमच्या शाळेत गेली काही वर्षं जुन्या रजिस्टरांना फार मागणी आहे. आजोबांची, पणजोबांची जातीची नोंद शोधायला माणसं रोज येतात. प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा मागतात, भाऊसाहेब तो छापील नमुन्यात भरतात आणि मुख्याध्यापिका म्हणून मी खाली सही करते. सही करण्यापूर्वी मूळ रजिस्टर उघडून नोंद ताडून पाहायची, असा नियम आहे. मी पाहत नव्हते. भाऊसाहेब म्हणजे आमचे लेखनिक, माझ्याही आधीपासून या शाळेत. त्यांनी भरलंय म्हणजे बरोबरच असणार, असं मी धरून चालायचे.

त्यातला एक उतारा परत आला.

तो घेऊन एक पंचाहत्तरीच्या बाई नगरहून एसटीने आल्या. सुती पातळ, हातात बटणाची प्लास्टिकची फाईल. त्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाच्या, मूळ कोकणातल्या. तिकडे त्यांच्या लोकांना शनिवार तेली म्हणत, कारण घाण्याचं काम करायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. वडील पाटबंधारे खात्यात कारकून. प्रवरेच्या कालव्यावर बदली झाली, म्हणून या बाई दोन वर्षं आमच्या शाळेत शिकल्या. हे सगळं त्यांनी उभ्यानेच सांगितलं. मी बसा म्हटल्यावर बसल्या.

त्यांची एकुलती मुलगी इस्राएलात असते. नवरा गेल्यापासून या नगरला एकट्या. मागच्या वर्षी न्हाणीघरात पडल्या, शेजाऱ्यांनी कडी तोडून बाहेर काढलं. तेव्हापासून मुलगी मागे लागली की आता इकडेच राहायला ये. त्यासाठी तिकडच्या कचेरीला आई-मुलीचं नातं कागदावर दिसायला हवं. यांचा जन्मदाखला नाही. आमचा उतारा हा लहानपणचा एकमेव कागद. मुलीच्या सगळ्या कागदांवर आईचं नाव सिप्पोरा आणि आमच्या उताऱ्यावर चिमणाबाई. कचेरीने कळवलं की या दोन वेगळ्या बाया दिसतात.

"मी एकच हाय, बाई," त्या म्हणाल्या. "दोन असते तर एकीला घर राखायला ठिवलं असतं."

मी त्यांना नियम सांगितला. शाळा सोडून गेलेल्या विद्यार्थ्याच्या नोंदीत एक काना बदलायचा तरी वरून मंजुरी लागते, आणि मंजुरीसाठी पुन्हा जन्माचाच पुरावा लागतो. त्यांनी मान हलवली. हे त्यांना आधीच कुणीतरी सांगितलं असावं. मग मी विचारलं की सिप्पोराची चिमणाबाई झाली कशी. खरं तर मला जिल्हा परिषदेची माहिती पाठवायची घाई होती, पण नावांचा घोळ मला घरचा आहे. लग्नात माझं नाव बदललं, तांदळात अंगठीने लिहिलं गेलं आणि पुढे सेवापुस्तकात एक, बँकेत दुसरं. राजपत्रात छापून आणेपर्यंत पायाचे तुकडे पडले. त्यामुळे मी घड्याळाकडे न बघता ऐकलं.

त्यांच्या वडिलांनी सगळ्या मुलांची नावं धर्मग्रंथातून शोधून ठेवलेली. थोरली राहेल, म्हणजे मेंढी. सर्वांत धाकटी दबोरा, म्हणजे मधमाशी. या सिप्पोरा, म्हणजे पक्षीण. आईचं नाव लेआ, आणि त्याचा अर्थ थकलेली असा सांगतात. "ते तेवढं बरोबर बसलं हुतं," त्या म्हणाल्या. भावाचं नाव मात्र मोठं होतं. बसलेल, म्हणजे देवाच्या सावलीतला. ग्रंथात त्या नावाचा एक मोठा कारागीर आहे, लाकूड, सोनं, दगड, सगळ्यात हात चालणारा. वडिलांना वाटे, मुलगा इंजिनिअर होईल.

भाऊ-बहीण एकाच दिवशी आमच्या शाळेत आले. गुरुजींनी वर्गासमोर भावाचं नाव विचारलं, ते ऐकलं आणि सवयीने म्हणाले, बसलेल, उभा राहा. वर्ग लोळायला लागला. बसलेल, उभा राहा. उभा राहिला तरी बसलेल. गुरुजी स्वतःही हसले म्हणे. आमच्या त्या काळच्या रजिस्टरात दगडू आहेत, धोंडीराम आहेत, कचरू तर एका वर्गात तिघे. ती सगळी मुलं एका देवाच्या सावलीतल्याला हसत होती.

गुरुजी वाईट नव्हते. त्याच संध्याकाळी ते कालव्यावरच्या क्वार्टरवर गेले, वडिलांना नावांचे अर्थ विचारले आणि म्हणाले, अर्थ तोच ठेवतो, नाव फक्त इकडचं करतो, म्हणजे पोरांना त्रास होणार नाही. तसा बसलेलचा देवराम झाला आणि सिप्पोराची चिमणाबाई. पुढच्या शाळांनी आमचा शाळा सोडल्याचा दाखला पाहून हीच नावं लावली. नगरला लग्न होऊन आल्या तरी शेजारपाजारी, बाजारात, दवाखान्यात त्या चिमणाबाईच. सिप्पोरा फक्त लग्नाच्या करारावर, कारण तिथे हिब्रू नावाशिवाय चालत नाही, आणि मुलीने तेच पुढे सगळीकडे लावलं.

"मग गुरुजींनी हे कुठंतरी लिहिलं असेल," मी म्हटलं. त्या काळचे गुरुजी नाव बदलून गप्प बसणारे नव्हते. मी भाऊसाहेबांना मूळ रजिस्टर आणायला सांगितलं. ते म्हणाले की उतारा त्यांनी डोळ्यांनी बघून भरलाय. मी म्हटलं, आणा तरी.

रजिस्टर आलं. पुठ्ठा सुटलेला, पानं कडेला तपकिरी. नोंद डाव्या पानावर, अगदी पहिल्या ओळीत. नाव चिमणाबाई, वडिलांचं नाव, जातीच्या रकान्यात इस्रायली, जन्मतारीख आणि अगदी टोकाला शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात: वरीलप्रमाणे, पक्षी.

"हे उताऱ्यात का नाही आलं?" मी विचारलं.

"मॅडम, वर काहीच नाही. पहिलीच ओळ आहे. वरीलप्रमाणे म्हणजे कशाप्रमाणे? आणि पक्षी काय? मला वाटलं गुरुजींनी पेन चालतंय का ते बघितलं."

मी पान मागे उलटलं. मागच्या पानाची शेवटची ओळ भावाची. बसलेल लिहून त्यावर एकच आडवी रेघ, वर तांबड्या शाईत देवराम, बाजूला आद्याक्षरी सही. शेऱ्याच्या रकान्यात जागा पुरली नाही म्हणून ओळ खाली वळवून लिहिलेलं: मूळ नाव बसलेल, अर्थ देवाच्या सावलीतला, वर्गात हशा होतो, सबब पालकांच्या संमतीने देवराम.

मी ते मोठ्याने वाचलं. बाईंनी हात पुढे करून रजिस्टर स्वतःकडे ओढलं आणि चष्मा न लावताच त्या ओळीवर बोट ठेवून बसल्या. भाऊ जाऊन काही वर्षं झाली होती, हे त्यांनी तेव्हा सांगितलं.

"त्याला लई राग हुता," त्या म्हणाल्या. "वडलांचा न्हाई, गुरुजींचा बी न्हाई. पोरांचा. शेवटपर्यंत ह्या गावात परत आला न्हाई."

मी भाऊसाहेबांना दोन उतारे करायला सांगितले, भावाचा आणि बहिणीचा, शेऱ्यासकट, शब्द न बदलता. भाऊसाहेबांना ते पटेना. छापील नमुन्यात शेऱ्यासाठी अर्धी ओळ आहे, त्यात हशा होतो असं लिहिलं तर वरचे साहेब आपल्यालाच हसतील, असं त्यांचं म्हणणं. उद्या मॅडम शेऱ्यात हवामानही लिहायला लावतील, असंही पुटपुटले. मी म्हटलं, मूळ नोंदीत आहे ते उताऱ्यात येणार, आपण त्यात भर घालत नाही आणि गाळतही नाही. गेल्या वेळी गाळलं आणि त्याखाली सही माझी होती. यावर ते लिहायला बसले.

माझ्या मनात एक शंका होतीच. बहिणीच्या ओळीत सिप्पोरा हा शब्द कुठेच नव्हता. भावाचं मूळ नाव होतं, हिचा फक्त अर्थ. पक्षी एवढ्यावरून तिकडचा साहेब काय समजणार? मी हे बोलून दाखवलं.

"अहो, तिकडं पाखराला तोच शब्द हाय," बाई म्हणाल्या. "झाडावर बसलं की लहान पोरगं बी म्हनतंय, सिप्पोर. कुनाला इचारायला नको."

मग मी सोबत शाळेच्या लेटरहेडवर चार ओळींचं पत्र दिलं, की दोन्ही नोंदी एकाच दिवशीच्या, एकाच वडिलांच्या, लागोपाठच्या क्रमांकाच्या आहेत आणि वरीलप्रमाणे हा शब्द मागच्या पानावरच्या शेऱ्याला लागू आहे. अशी पत्रं देऊ नयेत, असं आम्हाला प्रशिक्षणात सांगतात. पण त्यातली एकही गोष्ट खोटी नव्हती, म्हणून मी दिलं. बाईंनी कागद फाईलमध्ये घातले, बटण लावलं, ते लागलंय का ते दोनदा पाहिलं आणि दुपारच्या एसटीने गेल्या.

चार महिन्यांनी मोबाईलवर परदेशी नंबरवरून फोन आला. मी आधी उचलला नाही, फसवणुकीचे फोन फार येतात. दुसऱ्यांदा उचलला. त्यांची मुलगी होती. कागद मंजूर झाले होते, आई पंधरा दिवसांपूर्वी पोहोचली होती आणि ओळखपत्रासाठी दोघी आत्ता तिकडच्या कचेरीत बसल्या होत्या. तिथे सिप्पोरा लिहून काम झालं असतं, पण आई खुर्चीवरून उठायला तयार नव्हती. सत्तर वर्षं जे नाव चाललं तेही घाला, नाहीतर मला कोण वळखनार, असं तिने मांडलं होतं. साहेब दोन्ही घालायला राजी झाला. अडचण अशी की त्यांच्या लिपीत चिमणाबाईतला ण नाही. न लिहिला तर पुढे इकडच्या कागदांशी मेळ बसेल का, एवढंच मुलीला विचारायचं होतं.

मागून बाईंचा आवाज येत होता. त्या साहेबाला मराठीत काहीतरी समजावत होत्या.

मी म्हटलं, न लिहा. त्या स्वतःचं नाव तसंच सांगतात.