पेराएवढं पाणी

आंबेनळी घाटाखालच्या आमच्या गावात वीज नव्हती. शाळेचा रेडिओ ट्रकच्या जुन्या बॅटरीवर चाले. ती चार्ज करायला मी महाडला, एस.टी. स्टँडामागच्या बॅटरीवाल्याकडे नेई. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तोही मला नुसतं गुरुजी म्हणे.

बॅटरी हातात घेताच तो रागवायचा. "पुन्हा पार उतरवून आणलीत? रेडिओचा आवाज बसायच्या आत आणा, सांगितलं नाय?" मग बुचं काढून, आत काचेची नळी सोडून तो पाणी बघे. "भातावर ठेवता तसं पेराएवढं पाणी हवं. तेही वाफ थंड करून धरलेलं. झऱ्याचं गोड असंल, ते तुम्ही प्या."

मी मान डोलवायचो. पण गावातले निम्मे बाप्ये मुंबईला. मुंबईची काही बातमी येईल म्हणून बाया शेवटचा शब्द विरेपर्यंत रेडिओ बंद करू देत नसत.

अशी ती बॅटरी त्याने तीन वर्षं जगवली.

शेवटच्या खेपेला त्याने नळी घातली, काढली, पुसली. सगळी बुचं सावकाश लावली. मी बोलणी खायच्या तयारीत उभा.

"बसा गुरुजी," तो म्हणाला. "चहा घेता थोडा?"

इतकं मऊ तो कधीच बोलला नव्हता. बॅटरी गेल्याचं मला तेवढ्यावरूनच कळलं.