सुईतला दोरा

रहिमतपुरातला आमचा शिंपी आता चष्मा लावत नाही. गावात नव्याने सुरू झालेल्या प्रार्थनेच्या हॉलमधल्या पास्टरांनी डोक्यावर हात ठेवून त्याचे डोळे बरे केले म्हणे. तिथे ड्रम वाजतात, माणसं कुणालाच न कळणाऱ्या भाषेत प्रार्थना करतात. आमच्या जुन्या चर्चमध्ये हाच भजनाला पेटी वाजवायचा. नाताळात उजाडेपर्यंत पेटीवरून उठायचा नाही. पास्टरांनी तेही सोडायला लावलं. त्या चाली मूर्तिपूजकांच्या, असं त्यांचं म्हणणं.

मी दुकानात गेलो की तो आधी सुई आणि दोरा माझ्यापुढे धरतो.

"डोळं बरं झाल्यात न्हवं?" एकदा मी विचारलंच.

"झाल्यात की. जरा दम धराय लागतो." मग मशीनकडे बघत म्हणाला, "बायको गेली तवा तुमी समदी चहा पिऊन गेलासा. ही हॉलातली माणसं माझ्यासंगं फरशीवर बसून रडली, गड्या. डोळ्याचं काय घिऊन बसलायस?"

मी दोरा ओवून दिला. त्याने मशीन सुरू केलं. पायाखालची फळी आमच्या जुन्या भजनाच्या ठेक्यात हलत होती. मी त्याला ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने तो ठेकाही सोडला असता.