मशीनला थांबायला शिकवणारे तात्या

"काका, आमचं तात्या गेलं..." उंब्रजहून त्यांच्या मुलीचा, सुनंदाचा, फोन आला त्याला आता महिना होऊन गेला. फोन ठेवला आणि डोळ्यांपुढे आली ती साताऱ्याच्या कारखान्यातली सत्तरच्या दशकातली एक सकाळ.

यशवंत तात्या फौजेच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन आमच्याकडे सेटर, म्हणजे मशीनवर हत्यार चढवून माप जुळवणारे, म्हणून आले होते. मी शिफ्ट इंजिनिअर, कराडच्या कॉलेजातून शिकलेला आणि मनातून घाबरलेला. कारखान्यानं नुकत्याच चार परदेशी ऑटोमॅटिक लेथ आणल्या होत्या. एकीकडून पितळी सळई सरकवली की दुसरीकडून पंपाचे बुश, म्हणजे छोट्या पितळी नळ्या, टपटप पडायचे. वर्क्स मॅनेजरांचा हुकूम एकच, एवढी महागाची मशीन थांबता कामा नये. आम्ही थांबू देत नव्हतो. करंड्या भरत होत्या, भिंतीला थप्प्या लागत होत्या... आणि एक दिवस सांगलीच्या पंप कारखान्यानं ट्रकभर बुश परत पाठवले. मशीनचं हत्यार झिजल्यामुळे बुश जाड होत गेले होते, ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मॅनेजर म्हणाले, "पुन्हा असं झालं तर राजीनामा घेऊनच या."

त्या परत आलेल्या मालापाशी मी सुन्न बसलो होतो. तात्या शेजारी टेकले. "सायेब, मशीन लय गुणाची हाय. पर आपलं चुकतंय हे तिला कळत न्हाई. खोटा माल बी त्याच जोरात काढती."

"मग प्रत्येकीपाशी माणूस उभा करू?"

"माणूस कशाला? तिलाच थांबायला शिकवू की!"

पुढचे आठ दिवस आम्ही नुसते झपाटलो होतो. बुश उतरणीवरून घरंगळत एका फटीतून जाईल, जाड असला तर तिथं अडकेल, पट्टी दाबेल आणि स्विच मशीन बंद करेल, एवढीच तात्यांची युक्ती. पहिल्यांदा चांगलेही बुश अडकले, पितळेचा कीस चिकटत होता. तात्यांनी हवेची नळी जोडून कीस उडवला. मग त्या सकाळी, सगळं मशीन शॉप गोळा झालेलं असताना, त्यांनी मुद्दाम झिजलेलं हत्यार चढवलं. एक बुश गेला, दुसरा गेला, तिसरा... खट्! मशीन गप्प. असा गलका उठला की मॅनेजर धावत आले.

"बंद कशी पडली?"

"बंद पडली न्हाई सायेब. हाक मारली तिनं."

मॅनेजरांनी अडकलेला बुश स्वतः मोजला. पुन्हा मोजला. म्हणाले, "बाकीच्या तिघींना हे कधी बसवताय?" मला तात्यांना मिठी मारावीशी वाटली, आणि मी मारलीच!

त्यानंतर तात्या ऐकेनात. सांगलीला लागतील तेवढेच बुश काढायचे, असा त्यांनी हट्ट धरला. थप्प्या गेल्या, कित्येक महिन्यांनी आम्हाला शॉपची भिंत दिसली. बऱ्याच वर्षांनी जपानी कारखान्यांच्या अशाच पद्धतींवरचं एक पुस्तक हाती लागलं, ते घेऊन मी धावतच उंब्रज गाठलं. ऐकून तात्या खदखदून हसले. "म्हंजी त्यास्नी बी थप्प्यांचा कटाळा आला हुता व्हय!"

परवा उंब्रजला वहिनींना, तात्यांच्या पत्नीला, भेटायला गेलो. पडवीत एक फळी आहे, तिच्यावर तात्यांनी प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली, पाना त्याच्या आकृतीवरच टांगायचा. एक जागा रिकामी होती. मी बघत असतानाच शेजारीण आली, पदराखालून उसना नेलेला पाना काढला, कुणाला काही न विचारता नेमका त्या जागी अडकवला आणि वहिनींकडे चहा प्यायला आत गेली.