फिलिसला आधी वाचून दाखवलेलं वाक्य

जेवणाची सुट्टी झालीय. कोर्टामागच्या खोलीत जज्ज एनॉस पेलम डोळे मिटून खुर्चीत पडलेत, पण झोप कसली येतेय! अहो, अमेरिका नुकती स्वतंत्र झाली, तेव्हा याच माणसानं आपल्या राज्याच्या घटनेत ठणकावून लिहिलं, 'सर्व माणसं जन्मतः स्वतंत्र आहेत.' आज टेंपी नावाची गुलाम बाई तेच वाक्य घेऊन त्यांच्याच पुढ्यात उभी राहिलीय. म्हणते, मीही माणूस आहे, सोडवा मला. सुट्टी संपली की निकाल. 'नाही' म्हटलं, तर मालक तिला आजच दक्षिणेत नेऊन विकणार.

पापण्या जड होतात आणि चुलीचा धूर नाकात शिरतो.

"मालक, जेवला नाहीत ना?"

समोर फिलिस मक्याचं पीठ मळतेय. फिलिस म्हणजे त्यांच्या घरची गुलाम स्वयंपाकीण. आईविना एनॉसला लहानपणापासून हिनंच वाढवलं. तिला जाऊन बरीच वर्षं झाली.

"मालक नको गं म्हणूस."

"मग काय म्हणू? मरेपर्यंत तेच म्हटलं की!"

भिंती मागे सरतात. घटनासभा भरलीय, सभासदांचे पाय राखेत रुतलेत, आणि मधोमध फिलिस पीठ मळतेच आहे.

"ते वाक्य तू मला आधी वाचून दाखवलंस, एनॉस. स्वयंपाकघरात. 'कसं झालंय?' म्हणालास. मी म्हटलं, झकास. पुढचं विचारायचा धीर झाला नाही. आता विचारते. त्यात मी होते का रे?"

'होतीस' म्हणावं, तर मग हिला मरेपर्यंत राबवलं कुठल्या तोंडानं? 'नव्हतीस' म्हणावं, तर टेंपी जिवंतपणी मेली.

सभासद टाळ्या पिटतात. टाळीसरशी छतातून माती पडते, आणि बघता बघता एनॉस गोठ्यामागे उभे, फिलिसच्या थडग्यापाशी.

"फिलिस, माफ कर गं मला!"

"माफी तुला हवीय. मला उत्तर हवंय."

ती त्यांचं मनगट घट्ट धरते.

"साहेब, लोक खोळंबलेत." दारात कारकून.

एनॉस दचकून उठतात. काळ्या झग्याच्या बाहीवर ओल्या पिठाची पाच बोटं उमटलीत. कारकून रुमाल घेऊन पुसायला धावतो.

"हात लावशील तर खबरदार!"

तशाच बाहीनं ते कोर्टात जातात. टेंपी उभी राहते.

"होतीस गं, फिलिस," भर कोर्टात ते म्हणतात. मग टेंपीकडे वळतात. "आणि तूही आहेस."